एचपीव्ही शरीराला चकवतो कसा, आणि त्याला गाठायचं कुठे

"मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?" गर्भाशयमुखाच्या तपासणी शिबिरात हा प्रश्न हटकून येतो आणि त्याला बहुतेक वेळा 'खबरदारी म्हणून' असं गुळमुळीत उत्तर मिळतं. खरं उत्तर असं की त्रास न होणं हीच या विषाणूची रीत आहे. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, शरीराच्या पहारेकऱ्यांना जागच येऊ देत नाही. ताप नाही, ठणका नाही, सूज नाही. शरीर ओरडतं तेव्हा बहुधा पंधरा-वीस वर्षं उलटून गेलेली असतात.

लस नवव्या वर्षापासून का, चाचणी तिशीनंतर का, व्हिनेगर लावून मिनिटभर थांबायचं का, दुखत नसलेली जागा जाळायची का, या सगळ्यांची उत्तरं विषाणू कुठे आणि कसा लपतो यात आहेत. ते एकदा डोक्यात बसलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. पुढचा मजकूर आशा, एएनएम, सीएचओ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना कामात वापरता यावा असा लिहिला आहे, पण तपासणीला जाणाऱ्या बाईनेही वाचायला हरकत नाही.

लपण्याची जागा

स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरायचं साधन, लावून नीट उजेड टाकला की गर्भाशयमुख, म्हणजे पिशवीचं तोंड, दोन रंगांत दिसतं. बाहेरचा भाग फिकट गुलाबी, गुळगुळीत. तिथे चपट्या पेशींचे अनेक थर एकावर एक असतात. आतल्या नळीला उंच पेशींचं एकेरी अस्तर असतं, त्यातून खालच्या रक्तवाहिन्या दिसतात, म्हणून ते लालबुंद आणि थोडं खरखरीत वाटतं. दोन्ही रंग जिथे भेटतात ती सांधरेषा. वयात येताना आणि गरोदरपणात ती बाहेर सरकते, पुढे वर्षानुवर्षं आत आत जाते. ती जिथून जिथे सरकली तो मधला पट्टा म्हणजे बदलाचा पट्टा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक करून इथेच सुरू होतो.

इथे पहिली चूक होते. बाहेर आलेला लाल भाग बघून 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे' असं सांगितलं जातं. ती जखम नसते, नळीचं अस्तर बाहेर दिसत असतं इतकंच. तरुण बाईत, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे अगदी नेहमीचं. या 'जखमे'च्या आणि पांढरं जाण्याच्या भीतीने पिशवी काढून टाकण्यापर्यंत मजल जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी करावी लागली, त्यामागे ही भीतीही होती. फक्त लालसरपणा दिसला तर काहीही करायचं नसतं.

विषाणूला मात्र हा पट्टा सोयीचा. इथल्या तळाच्या पेशी उघड्या पडायला फार काही लागत नाही. संबंधाच्या वेळी होणारी डोळ्यांना न दिसणारी खरचट पुरते. विषाणूचा कण सुमारे ५५ नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीत हजारभर ओळीने बसतील एवढा. आत सुमारे ८,००० अक्षरांचा गोल डीएनए आणि मोजकीच जनुकं. इतक्या तुटपुंज्या सामानावर तो वर्षानुवर्षं तग धरतो, कारण त्यातला बराचसा भाग लपण्यासाठीच खर्च झालेला आहे.

लपण्याच्या युक्त्या

पहिली युक्ती सगळ्यात साधी: गडबड करायची नाही. फ्लूचा विषाणू ज्या पेशींत वाढतो त्या पेशी मारत जातो, त्यामुळे आजूबाजूला दाह होतो आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. एचपीव्ही एकही पेशी फोडत नाही आणि रक्तातही उतरत नाही. तळाच्या पेशीत तो डीएनएच्या थोड्या प्रती करून गप्प बसतो. ती पेशी विभागत विभागत वरच्या थरांकडे सरकते. वरचा थर येईपर्यंत विषाणू आपलं कवच, म्हणजे एल१ आणि एल२ ही प्रथिनं, तयारच करत नाही. वरच्या पेशी तशाही गळून पडणार असतात, त्यांच्याबरोबर नवे कण बाहेर पडतात. हा सगळा प्रवास साधारण दोन-तीन आठवड्यांचा. पहारेकरी तळाशी आणि रक्तात, विषाणूचं कवच उघडं होतं ते गच्चीवर. भेट होणार कुठे?

दुसरी युक्ती धोक्याची घंटा कापण्याची. पेशीत परका डीएनए शिरला की ती इंटरफेरॉन सोडते आणि शेजाऱ्यांना सावध करते. एचपीव्हीची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं हा निरोप वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात. ई६ हे आयआरएफ३ नावाच्या कळीच्या प्रथिनाला चिकटतं. ई७ डीएनए ओळखणाऱ्या स्टिंग मार्गात अडथळा आणतं. टीएलआर९ नावाचा, विषाणूचा डीएनए ओळखणारा पहारेकरीही दोघं मिळून कमी करतात. परिणाम एकच: शेजारच्या पेशीला काही कळत नाही.

तिसरी युक्ती बघण्यासारखी आहे. प्रत्येक पेशी आत काय चाललंय याचे तुकडे एचएलए नावाच्या तबकांवर मांडून बाहेर दाखवते. मारेकरी टी पेशी ती तबकं बघत फिरतात. ई५ प्रथिन एचएलए-ए आणि बी ही तबकं आतच अडकवून ठेवतं. सगळीच तबकं गायब केली असती तर नॅचरल किलर पेशींना संशय आला असता, कारण त्या नेमक्या तबक नसलेल्या पेशींनाच मारतात. म्हणून ई५ एचएलए-सी आणि ई यांना हात लावत नाही. टी पेशीला दाखवायला काही नाही, किलर पेशीला संशय घ्यायला जागा नाही.

चौथी लँगरहान्स पेशींबद्दल. या त्वचेसारख्या थरांतल्या टेहळ्या. परकं काही सापडलं की उचलून लसिकाग्रंथीपर्यंत नेणं हे त्यांचं काम. त्या शेजारच्या पेशींना ई-कॅडहेरिन नावाच्या दुव्याने धरून असतात. ई६ मुळे तो दुवा कमी होतो आणि संसर्ग झालेल्या भागात टेहळ्याच विरळ होतात. धूम्रपान करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयमुखातही लँगरहान्स पेशी कमी आढळतात. धूम्रपान आणि हा कॅन्सर यांच्या नात्याचं एक कारण इथे आहे.

हे सगळं असूनही बहुतेक बाया जिंकतात, हे विसरायचं नाही. दहापैकी साधारण नऊ संसर्ग दोन वर्षांत आपोआप जातात. उशिरा का होईना, टी पेशींना सुगावा लागतो. उरलेल्यांत, आणि त्यातही एचपीव्ही १६ आणि १८ सारख्या जोखमीच्या प्रकारांत, विषाणू ठाण मांडतो. मग कधीतरी त्याचा गोल डीएनए तुटून बाईच्या डीएनएत घुसतो आणि तुटताना ई२ जनुक बऱ्याचदा निकामी होतं. ई२ हा ई६-ई७ चा लगाम. तो गेला की ई६ पी५३ ला नष्ट करायला पाठवतं, ई७ आरबी ला अडकवतं, आणि पेशीच्या विभागणीचे दोन्ही ब्रेक निघतात. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशी एचपीव्ही १८ च्याच आहेत, आणि आजही प्रयोगशाळेत त्यांच्यातलं ई६-ई७ बंद केलं की त्यांची वाढ थांबते. इतक्या दशकांनंतरही त्या पेशी विषाणूच्या दोन प्रथिनांवर टेकून उभ्या आहेत.

गाठ झाल्यावर लपणं वेगळ्या तऱ्हेचं होतं. गाठीतल्या पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन दाखवून टी पेशींना थोपवतात. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध ते थोपवणं मोडतं आणि पुढच्या टप्प्यातल्या काही रुग्णांना त्याचा फायदा होतो. पण ते महागडं आणि शेवटच्या वळणावरचं काम. आपलं काम त्याच्या फार आधी आहे.

एक गोष्ट इथेच. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, पावडरी, गोळ्या यांपैकी काहीही या विषाणूवर चालतं असं सिद्ध झालेलं नाही. अडचण प्रतिकारशक्ती कमी असण्याची नाही, तिला दिसत नसण्याची आहे. अपवाद एचआयव्हीचा आणि प्रत्यारोपणानंतरच्या औषधांचा: तिथे ताकदच खरोखर घटलेली असते. निरोगी बाईत संसर्गापासून कॅन्सरपर्यंत १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीवर उपचार न घेतलेल्या बाईत ५ ते १० पुरतात. अशा बाईची एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, नियमित चालू ठेवणं हाही गर्भाशयमुखाचाच उपचार समजा.

लस: विषाणू आत शिरायच्या आधी

नैसर्गिक संसर्गानंतर बऱ्याच बायकांत अँटिबॉडी तयारच होत नाहीत, झाल्या तरी जेमतेम. कारण वर आलंच: विषाणू रक्ताला भेटत नाही. लस हाच डाव उलटवते. एल१ ची रिकामी टरफलं, आत डीएनए नसलेली, थेट दंडाच्या स्नायूत सोडली जातात. तिथे लपायला थर नाहीत, ई५-ई६-ई७ नाहीत. भरपूर अँटिबॉडी बनतात, त्या गर्भाशयमुखाच्या स्रावात पाझरतात आणि खरचट झाली की तिथेही पोचतात. विषाणू तळाच्या पेशीला टेकण्याआधीच पकडला जातो.

यावरून दोन गोष्टी आपोआप ठरतात. लस पहिल्या संबंधाच्या आधी द्यायची, म्हणून ९ ते १४ वर्षं. आणि लस आधीचा संसर्ग बरा करत नाही, कारण संसर्ग झालेल्या तळाच्या पेशीवर एल१ नसतंच. अँटिबॉडीने धरायचं काय? एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्या बाईला 'आता लस घ्या, बरं वाटेल' असं सांगणं चूक आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही भारतात बनलेली लस जानेवारी २०२३ पासून बाजारात आहे. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर. वेष्टनावरचं वेळापत्रक ९ ते १४ वयासाठी दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. १५ ते २६ साठी तीन डोस, ०, २ आणि ६ महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयासाठी एक डोसही मान्य केला. त्यामागे भारतातला, पुणे आणि बार्शीसह अनेक केंद्रांवरचा एक अभ्यास आहे. तो मुळात दोन आणि तीन डोसांची तुलना करायला सुरू झाला होता. २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं आणि हजारो मुली एका डोसवर राहिल्या. पुढे दहा वर्षं पाहिलं तर त्या एका डोसने १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गाला सुमारे ९५ टक्के अडवलं होतं. थांबवल्यामुळे हाती लागलेलं उत्तर! एचआयव्ही असलेल्या मुलीला मात्र एक डोस पुरेसा धरू नका. किमान दोन, जमल्यास तीन.

देताना: ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत, कुपी हलवून. मुलीला बसवून किंवा आडवं करून द्या आणि १५ मिनिटं बसवून ठेवा. या वयात इंजेक्शननंतर चक्कर येणं नेहमीचं. एक मुलगी पडली की रांगेतल्या चार घाबरतात, आणि संध्याकाळपर्यंत गावात लस बदनाम. कुपी २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या पॅकला चिकटून अजिबात नको. लसीतला ॲल्युमिनियमचा घटक गोठला की त्याच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. गोठल्याचा संशय असेल तर कुपी हलवून उभी ठेवा: तळाशी लवकर गाळ बसून वर पाणी निवळलं तर ती वापरू नका.

लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागते, कारण लसीत सगळे प्रकार नसतात. हे पहिल्याच दिवशी लसीच्या कार्डावर लिहून द्या.

तपासणी: विषाणूला शोधायचं की त्याच्या खुणेला

विषाणू गप्प असतो, पण त्याचा डीएनए लपत नाही. म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणी सगळ्यात भरवशाची. याचा पुरावा आपल्याच मातीतला आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून १,३१,७४६ निरोगी बायकांचा अभ्यास झाला. वय ३० ते ५९. एका गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पेशी खरवडून तपासण्याची पॅप, तिसऱ्याला व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघण्याची व्हीआयए, चौथ्याला नेहमीची सेवा. आठ वर्षांनी एचपीव्ही चाचणीच्या गटात पुढच्या टप्प्यातले कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पॅप आणि व्हीआयएच्या एकाच फेरीने तसा फरक पडला नाही. आणि एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांत त्या आठ वर्षांत या कॅन्सरने एकही मृत्यू नव्हता. म्हणूनच निगेटिव्ह आलेल्या बाईला ५ ते १० वर्षं परत बोलवावं लागत नाही.

तिशीच्या आत ही चाचणी करू नका. त्या वयात संसर्ग खूप आणि त्यातले बहुतेक आपोआप जाणारे. पॉझिटिव्ह अहवालांचा ढीग पडेल आणि घराघरांत विनाकारण भांडणं लागतील. एचआयव्ही असलेल्या बाईसाठी सुरुवात २५ व्या वर्षी आणि अंतर ३ ते ५ वर्षांचं.

नमुना बाईला स्वतः घेता येतो, आणि पीसीआर पद्धतीच्या चाचणीत तो डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या तोडीस तोड ठरतो. पडद्याआड, दोन मिनिटांचं काम:

१. पाळी चालू नसावी. आधीचे दोन दिवस योनीत गोळी, मलम काही नको.
२. हात धुवा. ब्रशचं मऊ टोक कशालाही लागू देऊ नका, बोटालाही.
३. एक पाय स्टुलावर ठेवा किंवा उकिडवं बसा. ब्रश हळूच आत, बोटाच्या साधारण दोन पेरांइतका. पुढे अडल्यासारखं वाटलं की थांबा.
४. एकाच दिशेने सावकाश फिरवा. किती वेळा ते किटच्या कागदावर असतं; तो कागद बाईला वाचून दाखवा.
५. बाहेर काढून लगेच कुपीत, झाकण घट्ट. टोक मोडायचं असेल तर खुणेवरच मोडा.
६. नाव, वय, तारीख कुपीवर. कागदाच्या पुडीवर नव्हे, कुपीवरच.

नमुना वाया जातो तो बहुतेक वेळा शेवटच्या दोन पायऱ्यांत. झाकण सैल राहून द्रव सांडतो, किंवा एकाच नावाच्या दोन सुमनबाई असतात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही घाला. आणि 'खोल गेला नाही तर चुकेल' ही भीती घालवा: पेशी योनीतही येतात, पिशवीच्या तोंडाला टेकलाच पाहिजे असं नाही.

व्हीआयए करावी लागली तर

बऱ्याच उपकेंद्रांत अजून व्हीआयएच हाताशी आहे. ती विषाणूला शोधत नाही, त्याची खूण शोधते. विभागणीचे ब्रेक निघालेल्या पेशींत केंद्रक मोठं आणि प्रथिनांनी गच्च. ॲसेटिक ॲसिड लागलं की तात्पुरतं ते प्रथिन साकळतं, उजेड आरपार जात नाही आणि भाग पांढरा दिसतो. साकळायला वेळ लागतो, म्हणून ते मिनिट.

द्रावण: ५ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, ९५ मिली डिस्टिल्ड पाणी, झालं ५ टक्के. ॲसिड पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. मूळ ॲसिडच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव, आणि ती तपासणीच्या टेबलवर ठेवायचीच नाही. चुकून न मिसळलेलं ॲसिड लागलं तर जबरदस्त भाजतं. द्रावण रोज नवं. कालचं, उघडं राहिलेलं कमजोर होतं आणि पांढरं व्हायला हवं ते होत नाही.

उजेड पांढरा हवा. पिवळ्या बल्बखाली फिकट पांढरं दिसतच नाही. स्पेक्युलमला जेली नको, कोमट पाणी पुरे. द्रावण लावण्याआधी बाईला सांगा, "ताई, थोडं गार लागेल, चुरचुरेल, मिनिटभरच." आधी कोरड्या बोळ्याने स्राव हळूच टिपा, रगडलं तर रक्त येतं आणि सगळं वाया. मग ५ टक्के द्रावणाचा ओला बोळा लावा आणि घड्याळात पूर्ण ६० सेकंद मोजा. अंदाजाने मोजलेलं मिनिट वीस सेकंदांचं निघतं.

पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं: सांधरेषेला लागून असलेला, कडा स्पष्ट असलेला, घट्ट, दाट पांढरा डाग. रेषेपासून दूर तुटक ठिपके, धूसर पांढुरकेपणा, मोत्यासारख्या गोल पुटकुळ्या हे निगेटिव्ह. डाग घड्याळाच्या काट्यांनी लिहा: '३ ते ६, रेषेला लागून'. ॲसिड लावण्याआधीच खरबरीत, फुलकोबीसारखी, बोट लागताच रक्त येणारी वाढ दिसली तर ॲसिड लावू नका. संशयित कॅन्सर लिहून थेट पाठवा.

सांधरेषा पूर्ण दिसत नसेल तर व्हीआयएचा निकाल देऊच नये. पन्नाशीच्या पुढे रेषा नळीत आत जाते, डोळ्यांना दिसत नाही, आणि 'सगळं स्वच्छ' असा खोटा दिलासा दिला जातो. अशा बाईला एचपीव्ही चाचणीच.

व्हीआयएची दुसरी अट सातत्याची. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलच्या अभ्यासात साध्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी चार फेऱ्या केल्या, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. एकदा करून पाच वर्षं विसरण्याची ही चाचणी नव्हे.

पॉझिटिव्ह आल्यावर

आधी शब्द. 'तुम्हाला कॅन्सर आहे' असा त्या अहवालाचा अर्थ नाही. असं सांगा: "पिशवीच्या तोंडाशी विषाणू सापडला आहे. बहुतेकींचा आपोआप जातो. तुमच्यात त्याने काही बदल केलाय का, ते बघायचं आणि केला असेल तर आजच काढायचा." नवऱ्याचा विषय निघणारच. संसर्ग कधी झाला हे कुणीही सांगू शकत नाही. तो लग्नाच्या सुरुवातीचा असू शकतो, वर्षानुवर्षं झोपून परत उठलेला असू शकतो. हे बाईला एकटीला सांगा, सासूसमोर नव्हे.

प्रकार १६ किंवा १८ असेल तर कोल्पोस्कोपीला, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख बघण्याच्या तपासणीला, पाठवा. बाकी जोखमीचे प्रकार असतील तर व्हीआयए किंवा उपलब्ध असलेली पुढची चाचणी.

या विषाणूवर गोळी का नाही, हे बाया विचारतात. नागिणीचा विषाणू डीएनएच्या प्रती काढायला स्वतःचं यंत्र वापरतो, म्हणून त्या यंत्रावर औषध बसतं. एचपीव्ही ते काम आपल्याच पेशीच्या यंत्राकडून करून घेतो. औषधाने मारायला वेगळं काही उरत नाही. म्हणून तो राहतो त्या पेशीच काढायच्या.

थर्मल ॲब्लेशनने, म्हणजे तापलेलं टोक टेकवून जाळून, हे बाह्यरुग्ण विभागात होतं. पण आधी चार गोष्टी पक्क्या करा: बदलाचा पट्टा पूर्ण दिसतो, डाग नळीत शिरत नाही, डाग गर्भाशयमुखाच्या तीन चतुर्थांशाहून मोठा नाही, आणि कॅन्सरचा संशय कुठेही नाही. बाई गरोदर नाही हेही. यांतली एकही अट चुकली तर जाळू नका. एलईईपीसाठी (तारेच्या फासाने तो भाग कापून काढणं) किंवा बायोप्सीसाठी पाठवा. कॅन्सर जाळला तर वरची खूण जाते, आत तो तसाच राहतो आणि पुढच्या तपासणीत सापडत नाही. हे सगळ्यात महागात पडणारं चुकणं.

टोक १०० अंशांवर, २० ते ३० सेकंद, एका जागी. सगळा पट्टा एका वेळी झाकला जात नसेल तर शेजारी परत, आधीच्या वर थोडं चढवून, मधे फट न ठेवता. सुटलेल्या फटीतच विषाणू उरतो. पाळीसारखी कळ येते, बहुतेकींना भूल लागत नाही.

घरी जाताना कागदावर लिहून द्या: दोन-चार आठवडे पातळ पाणी जाईल, थोडं गुलाबी असेल, चार आठवडे संबंध नको, योनीत काही घालणं नको. ताप, घाण वास, पाळीपेक्षा जास्त रक्त, पोटात तीव्र दुखणं यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी यायचं.

संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर रक्त, दोन पाळ्यांच्या मधे रक्त, वासाचं रक्ताळ पाणी: अशी बाई आली तर ती तपासणीच्या रांगेतली नव्हे. तिची चाचणी निगेटिव्ह असली तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात.

उपचारानंतर १२ महिन्यांनी एचपीव्ही चाचणी परत करायची. लवकर केली तर मरत आलेल्या संसर्गाचा डीएनए अजून सापडतो आणि उगाच परत उपचार होतो. बारा महिन्यांनीही पॉझिटिव्ह असेल तर डाग सुटला असेल किंवा नळीत काही असेल, मग कोल्पोस्कोपी. ही बारा महिन्यांची तारीख रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात राहिली की विसरली जाते. ती बाईच्या कार्डावर, तिच्या मोबाईल नंबरासह, आणि आशाच्या वहीत अशा दोन्हीकडे, उपचाराच्या दिवशीच लिहा. ऊसतोडीला जाणारी असेल तर ऑक्टोबर ते मार्च टाळून तारीख द्या.